खाऱ्या हवेतली हार्ड डिस्क : वाचकांचे प्रश्न

लॅपटॉपला बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कबद्दल आलेल्या पत्रांतली काही निवडक पत्रे या वेळी घेतली आहेत. बहुतेकांनी ‘कुठल्या कंपनीची घेऊ?’ असे विचारले आहे. त्याचे उत्तर आम्ही मुद्दाम मागे ठेवले आहे, कारण किनाऱ्यावरच्या घरात डिस्क बिघडते ती कंपनीपेक्षा केबलमुळे, दमटपणामुळे आणि ‘एकच प्रत आहे’ या कारणामुळे. भाव सारखे हलतात, म्हणून रुपयांचे आकडे दिलेले नाहीत.

प्रश्न : मी दशावताराचे प्रयोग चित्रित करतो. लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी आहे, ती दोन जत्रांत भरते. साधी हार्ड डिस्क घेऊ की एसएसडी? किती टीबीची? माका नेमकी खंयची घेवची ती सांगा. — एक छायाचित्रकार, मालवण

उत्तर : आधी हिशेब करू. कॅमेऱ्याच्या मेन्यूत बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती नोंदली जाते तो आकडा, लिहिलेला असतो. फोर-केला तो १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) असेल तर, आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने, सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी. जत्रेतला प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपतो. पाच तास धरले तर एका कॅमेऱ्याचे २२५ जीबी झाले. दुसरा कॅमेरा बाजूने लावत असाल तर ४५०. हेच चित्रण फुल एचडीत ५० एमबीपीएसने केले तर एका रात्रीला साधारण ११२ जीबी. हंगामात वीस रात्री फोर-केमध्ये एका कॅमेऱ्याने घेतल्या, तर साडेचार टीबी होतात. खिशात मावणारी साधी हार्ड डिस्क दुकानांत बहुतेक ५ टीबीपर्यंतच मिळते. म्हणजे तुमचा एक हंगाम एका डिस्कमध्ये जेमतेम बसेल.

तुमच्याकडे कामे दोन आहेत आणि दोन्ही एकाच वस्तूवर टाकू नयेत. एक काम एडिटिंगचे, दुसरे साठवणीचे.

एडिटिंगसाठी १ टीबीची पोर्टेबल एसएसडी घ्या. साध्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारे हेड त्यावर मागेपुढे धावते. एकच चित्रण सरळ चालवायचे असेल तर सेकंदाला साडेबारा एमबी तिला सहज जमतात. पण दोन कॅमेऱ्यांचे चित्रण समोरासमोर लावून इकडून तिकडे उड्या मारायला लागलात की हेडची धावपळ सुरू होते आणि चित्र अडकायला लागते. एसएसडीत फिरणारे काही नाही, त्यामुळे ही अडचण येत नाही.

एसएसडीच्या खोक्यावरचा वेग वाचताना लॅपटॉपचा पोर्ट आधी पाहा. ५ जीबीपीएसच्या पोर्टवर कोणतीही एसएसडी सेकंदाला चारशे-साडेचारशे एमबीच्या पुढे फारशी जात नाही. हजार एमबीची एसएसडी पूर्ण वेगाने चालायला १० जीबीपीएसचा पोर्ट लागतो. दोन हजारवाल्यांना २० जीबीपीएसचा खास पोर्ट लागतो, तो फार थोड्या लॅपटॉपला असतो. नसेल तर ती हजाराच्याच वेगाने चालणार आणि वरचे पैसे वाया. पोर्टचा आकार पाहून काही कळत नाही. लंबगोल सी-टाइप पोर्ट ५, १०, २० यांपैकी कशाचाही असू शकतो, काही स्वस्त लॅपटॉपमध्ये तो जुन्या यूएसबी २ चा असतो. लॅपटॉपच्या मॉडेल नंबरावरून कंपनीच्या संकेतस्थळावरचे माहितीपत्रक उघडून बघणे हाच खात्रीचा मार्ग.

आणखी एक गोम. स्वस्त एसएसडी सुरुवातीचे काही जीबी झपाट्याने घेते आणि मग एकदम मंदावते. तिच्यात थोडी जागा जलद लिखाणासाठी राखलेली असते. ती भरली की वेग कधी कधी साध्या हार्ड डिस्कच्याही खाली जातो. तुम्ही एका दमात सव्वादोनशे जीबी ओतणार, म्हणून तुमच्या बाबतीत हे नक्की घडेल. आतल्या मेमरीचा प्रकार पाहा : ‘क्यूएलसी’ लिहिलेली टाळा, ‘टीएलसी’ असेल ती घ्या.

साठवणीसाठी मात्र साधी हार्ड डिस्कच बरी. आणि ती एक नाही, दोन. दोन्हींत तेच चित्रण. कॅमेऱ्याचे कार्ड दोन्ही डिस्कमध्ये उतरल्याशिवाय पुसायचे नाही. पैसे एवढ्याला पुरत नसतील तर एसएसडी पुढच्या हंगामावर ढकला आणि साध्या दोन डिस्क आधी घ्या. एका ४ टीबीपेक्षा २-२ टीबीच्या दोन घेतलेल्या आम्हाला जास्त पटतात.

टेबलावर ठेवायची मोठी, साडेतीन इंची डिस्क टीबीमागे स्वस्त पडते, पण तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. मृगाच्या पहिल्या सरीला वीज गेली की ती लिहिता लिहिता बंद पडणार. घरात यूपीएस असेल तरच तिचा विचार करा. खिशात मावणारी अडीच इंची डिस्क लॅपटॉपवरच चालते, म्हणजे लॅपटॉपची बॅटरी हाच तिचा यूपीएस.

प्रश्न : बागेच्या हिशेबासाठी आणि पेट्यांच्या पावत्यांसाठी २ टीबीची डिस्क घेतली. लॅपटॉप १.८१ टीबी दाखवतो. शिवाय कॉपी करताना गोगलगाय बरी. दुकानदाराने फसवले का? — एक आंबा बागायतदार, रत्नागिरी तालुका

उत्तर : जागेच्या बाबतीत नाही. कंपनी १ टीबी म्हणजे दशलक्ष गुणिले दशलक्ष बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि तरी पुढे टीबीच लिहिते. त्यामुळे १ टीबीचे ९३१ जीबी दिसतात आणि २ टीबीचे १.८१. मॅकवर हीच डिस्क जोडली तर पूर्ण २ दिसतील.

वेगाचे मात्र तपासायला हवे. ५०० जीबीची एक मोठी फाइल नीट जोडलेल्या साध्या हार्ड डिस्कवर सेकंदाला ११० एमबीने उतरली तर सव्वा तास लागतो. यूएसबी २ वर हाच वेग पस्तीसच्या आसपास येतो आणि त्याच कामाला चार तास लागतात. कॉपीच्या खिडकीत ‘मोअर डिटेल्स’ दाबा. आकडा ३० ते ४० च्या मध्ये खिळून राहिला असेल तर डिस्क यूएसबी २ वर चालली आहे असे समजा. पोर्टच्या आतली जीभ निळी असेल किंवा शेजारी ‘एसएस’ची खूण असेल तर तो यूएसबी ३ चा. काही कंपन्या निळा रंग देत नाहीत, तेव्हा काळी जीभ म्हणजे हमखास जुनाच असे नाही. कधी पोर्ट बरोबर असतो पण प्लग अर्धवट बसलेला असतो. यूएसबी ३ च्या जादा पिना आत खोल असतात. प्लग हळूहळू सरकवत घातला तर आधी जुन्या चार पिना टेकतात आणि लॅपटॉप तिला जुनी समजून बसतो. काढून एका झटक्यात पूर्ण आत घाला.

आकडा शंभराच्या वर सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटांनी ढासळत असेल तर कारण वेगळे. जास्त क्षमतेच्या बहुतेक अडीच इंची डिस्कमध्ये माहिती लिहिण्याचे माग (तबकडीवरच्या गोल रेघा) कौलांसारखे एकावर एक किंचित चढवलेले असतात. अशा रचनेत एक माग बदलायचा तर शेजारचे मागही पुन्हा लिहावे लागतात, म्हणून लांबलचक लिखाणात डिस्कला दम लागतो. हा दोष नव्हे, स्वभाव आहे. बॅकअपला चालतो, रोजच्या कामाला नाही.

आणि तुमच्या पावत्या! दहा हजार छोट्या पीडीएफ एकेक करून जाताना कुठलीही तबकडीची डिस्क रडते. वर्षावार फोल्डरची एक झिप फाइल करून मग कॉपी करा, फरक तिथेच दिसेल.

प्रश्न : घर समुद्राला लागून आहे. डिस्क दोन वर्षांची. जोडली की दिसते, थोडी हलली की गायब होते, पुन्हा येते. लॅपटॉप बदलून पाहिला, तेच. — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : दोन वेगवेगळ्या लॅपटॉपवर तेच होते, म्हणजे दोष केबलकडे किंवा डिस्कच्या तोंडाकडे आहे. खाऱ्या वाऱ्यातले मिठाचे कण यूएसबीच्या पिनांवर बसतात, दमट हवेत पाणी ओढतात आणि पातळ सोन्याच्या मुलाम्याखालचा धातू खायला लागतात. मोबाइलच्या टॉर्चने प्लगच्या आत बघा. निरोगी पिन पिवळसर, चकचकीत दिसते. काळपट ठिपके, पांढरी भुकटी किंवा हिरवट कड दिसली तर काम तिथेच आहे.

सगळ्यात आधी केबल बदला. स्वस्त उपाय तोच आणि बऱ्याचदा तोच लागू पडतो. बऱ्याच डिस्कच्या टोकाला चपटे, रुंद, मध्ये खाच असलेले मायक्रो-बी तोंड असते. तशीच यूएसबी ३ ची केबल मागून घ्या, लांबी अर्धा मीटर पुरे. मोबाइल चार्जरची लांब सी-टाइप केबल लावू नका. पुष्कळशा तशा केबलींत यूएसबी २ पुरत्याच तारा असतात. शिवाय अडीच इंची डिस्कला तबकडी फिरवायला सुरुवातीच्या क्षणी सर्वांत जास्त करंट लागतो. यूएसबी ३ चा पोर्ट ९०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी २ चा ५००. बारीक, लांब तारेत व्होल्टेज पडते, डिस्क फिरायला जाते, जमत नाही, थांबते, पुन्हा प्रयत्न करते. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीवर) जोडली तरी हेच होते.

नवीन केबलनेही तेच झाले तर तोंड साफ करायचे. डिस्क पूर्ण सुटी करा. ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ केसांचा नवा टूथब्रश घ्या. ब्रशला दोन-तीन थेंबच लावायचे, तोंडात ओतायचे नाही. पिनांच्या लांबीच्या दिशेने आठ-दहा वेळा हलका हात फिरवा, तोंड खाली करून वीस मिनिटे वाळू द्या. मेडिकलमधले ७० टक्क्यांचे यासाठी नको, त्यात पाणी असते. पेट्रोल, रॉकेल, शिलाई मशीनचे तेल यांपैकी काही लावू नका. खोबरेल तर मुळीच नको. तेलावर मीठ आणि धूळ आणखी चिकटते.

एवढ्यानेही जोड सुटत असेल तर तोंड आतून सैल झाले आहे. तशी शंका आली की प्लगला खाली पुस्तक देऊन, डिस्क न हलवता, आतले सगळे दुसरीकडे उतरवून घ्या. दुरुस्ती नंतर. काही डिस्कमध्ये यूएसबीचे तोंड थेट आतल्या सर्किटवरच डाग दिलेले असते, केसिंग (बाहेरची डबी) बदलून काम भागत नाही. तोंड तुटले की साध्या बिघाडाचेही खर्चिक प्रकरण होते.

आता पुढच्या डिस्कसाठी. हार्ड डिस्क हवाबंद असते हा गैरसमज आहे. अडीच इंची डिस्कला श्वास घ्यायला बारीक छिद्र असते, आत फिल्टर असतो. फिल्टर धूळ अडवतो, दमटपणा नाही. म्हणून जून ते सप्टेंबर डिस्क उघड्या फडताळात ठेवू नका. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटात तर नकोच, पावसाळ्यात त्या भिंतीतून ओल येते. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्या. तळाशी रंग बदलणारी सिलिका जेल, पाच लिटरच्या डब्याला शंभर ग्रॅम भरपूर झाली. नारिंगी खडे हिरवट झाले की ओले झाले. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा नारिंगी होतात. डिस्कसोबत मिळणारी कापडी किंवा रेक्झिनची पिशवी डब्यात घालू नका, बुरशी आधी तिच्यावर येते. पिशवी बाहेर, डिस्क आत. तांदूळ आणि मीठ हे उपाय स्वयंपाकघरातच राहू द्या. तांदळाचा भुसा पिनांत जातो.

एसीच्या खोलीतून डिस्क बाहेर नेताना जपा. पावसाळ्यात बाहेर २८ अंश आणि ९० टक्के दमटपणा असेल तर २६ अंशांच्या खाली असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरते. बावीस अंशांच्या खोलीतली डिस्क ओटीवर आणलीत की ती थंड ताकाच्या पेल्यासारखी घामेजते, आतूनही. झिपच्या प्लास्टिक पिशवीत बंद करून बाहेर आणा, तासभर तशीच ठेवा, मग उघडून जोडा.

प्रश्न : ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी अगदी किरकोळ किमतीत दिसते. घ्यावी का? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : नको. असल्या डबीत बहुधा एखादे मोबाइलचे मेमरी कार्ड असते आणि त्याचा कंट्रोलर खोटे सांगायला शिकवलेला असतो. विंडोजमध्ये १६ टीबी दिसते, फाइलींची नावेही दिसतात. पण खऱ्या जागेच्या पुढे लिहिलेले आधीच्यावर चढते किंवा हवेत जाते. चार महिन्यांनी फोटो उघडायला गेले की कळते.

खरी वाटणारी नवी डिस्कसुद्धा डेटा भरण्याआधी एकदा तपासून घ्यावी. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचा फुकट प्रोग्राम सगळी जागा भरतो आणि परत वाचून पडताळतो. २ टीबीला लिहिणे-वाचणे धरून दहा-बारा तास जातात, रात्री लावून झोपा. एवढा वेळ नसेल तर निदान परत करण्याची मुदत संपण्याआधी करा. पक्के जीएसटी बिल घ्या, डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून वॉरंटी भारतातली आहे ना ते पाहा. वॉरंटीत बदलून मिळते ती डिस्क. त्यातला डेटा कोणी परत देत नाही.

प्रश्न : २०२१ च्या पुरात घरातले सगळे अल्बम गेले. आता फोटो स्कॅन करून डिस्कमध्ये ठेवले आहेत, एक डिस्क कपाटात वर ठेवली आहे. एवढे पुरे का? — एक गृहिणी, चिपळूण

उत्तर : पुरे नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी कुठवर चढले ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. त्याच्या आधीच्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळात रायगड-दापोलीकडे पत्रे आणि कौले उडाली, तिथे वरचे कपाटच आधी भिजले. एक प्रत वर आणि एक खाली ठेवून उपयोग नाही. एक प्रत दुसऱ्या गावात हवी.

कोकणात याची सोय कॅलेंडरमध्येच आहे. एकसारख्या दोन डिस्क घ्या, मार्करने ‘अ’ आणि ‘ब’ लिहा. ‘अ’ घरी, ‘ब’ मुंबईच्या घरी. गणपतीला चाकरमानी येताना ‘ब’ घेऊन येतील. तिच्यावर नवे सगळे चढवा आणि जाताना ‘अ’ त्यांच्याबरोबर पाठवा. शिमग्याला पुन्हा अदलाबदल. साधारण सहा-सहा महिन्यांनी प्रत्येक डिस्क एकदा चालते, हाही फायदाच. एसएसडी वापरत असाल तर तो फायदा मोठा आहे. वीज न मिळता वर्षानुवर्षे उबेत पडून राहिलेल्या एसएसडीतला डेटा हळूहळू विरू शकतो. कपाटात विसरून जायच्या वस्तूंत तिची गणना करू नका.

मधल्या सहा महिन्यांची भर क्लाउडने काढता येते, पण सगळे तिथे चढवायला जाऊ नका. १० एमबीपीएस अपलोडवर ५०० जीबी जायला साडेचार-पाच दिवस अखंड लागतात आणि पावसाळ्यात इंटरनेट तेवढे अखंड राहिले तर नवल. सातबारा, दाखले, विम्याची कागदपत्रे, आणि ज्यांची प्रत कुठेच नाही असे जुने फोटो मिळून दहा जीबी असतील, ते सव्वादोन तासांत जातात.

बॅकअप घेताना नेहमी ‘कॉपी’, कधीही ‘कट’ नाही. झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि बाइट जुळवा, इकडचे तिकडचे दहा फोटो उघडून पाहा. मग डिस्क काढून डब्यात. कायम जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. विजेचा लोळ आला किंवा खंडणीखोर व्हायरस शिरला तर लॅपटॉपबरोबर तीही जाते.

डिस्क रेल्वेतून प्रवास करणार म्हणजे हरवूही शकते. कुलूप लावायचे असेल तर विंडोज प्रोमधील बिटलॉकर वापरा. होम आवृत्तीत बिटलॉकरची डिस्क उघडता येते, पण नव्याने कुलूप घालता येत नाही. तिथे ‘व्हेराक्रिप्ट’ हा फुकट पर्याय आहे. बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की देतो. ती कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवा, डिस्कच्या डब्यात नको. पासवर्ड आणि की दोन्ही हरवले तर ती डिस्क कोणीही उघडू शकत नाही. नुसते कौटुंबिक फोटो असतील तर कुलपाशिवाय राहू दिलेले बरे. चोरापेक्षा विसरभोळेपणाने जास्त फोटो जातात.

प्रश्न : शाळेत विंडोज, घरी मॅक आणि टीव्हीवरही तीच डिस्क लावायची आहे. फॉरमॅट कुठला? — एक शिक्षिका, दापोली

उत्तर : एक्सफॅट. विकत आणल्या आणल्या करा, कारण फॉरमॅट केल्यावर आतले सगळे पुसले जाते. एनटीएफएस मॅकवर वाचता येते, लिहिता येत नाही. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, स्नेहसंमेलनाचे चित्रण तिथेच अडेल. एक्सफॅटची खोट अशी की मध्येच उपटली तर सावरायला तिच्याकडे नोंदवही नसते, एनटीएफएसकडे असते. म्हणून ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय, आणि डिस्कचा दिवा शांत झाल्याशिवाय काढू नका. जुना टीव्ही एक्सफॅट ओळखत नसेल तर त्याच्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, एवढ्यासाठी सगळी डिस्क बिघडवू नका.

प्रश्न : डिस्क चालू असताना टेबलावरून पडली. आता टक्-टक् आवाज येतो, विंडोज ‘फॉरमॅट करा’ म्हणतो. भावाने फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितले. — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, गुहागर

उत्तर : फ्रीझरचा उपाय फार जुन्या काळचा, आणि आपल्याकडच्या हवेत तर आत्मघातकी. बाहेर काढल्याक्षणी आत पाणी सुटेल. फॉरमॅटला ‘कॅन्सल’ म्हणा. ‘इनिशियलाइज डिस्क’ असे विचारले तरी नाहीच म्हणा.

ठरावीक लयीत येणारा टक्-टक् म्हणजे हेड आपली जागा शोधते आहे आणि सापडत नाही. बंद डिस्कमध्ये हेड तबकडीबाहेर विसावलेले असते, म्हणून बंद डिस्क पडली तर बऱ्याचदा वाचते. चालू असताना मात्र ते तबकडीपासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी उंचीवरून जात असते. पडताना ते आपटले असेल, तर आता डिस्क जितका वेळ फिरेल तितका पृष्ठभाग खरवडला जाईल. ‘एकदा लावून बघतो’ असे प्रत्येक वेळी म्हणताना तुम्ही डेटाच खरवडत आहात. काढून ठेवा. डेटा मोलाचा असेल तर धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरी प्रयोगशाळेतच द्या, आणि खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्या. तालुक्याच्या ठिकाणी कोणी ‘उघडून बघतो’ म्हणाले तर देऊ नका, एकदा झाकण उघडले की पुढच्याचेही हात बांधले जातात.

टक्-टक् नसून डिस्क शांतपणे फिरते, दिसते, फक्त काही फाइली अडकतात, अशी स्थिती असेल तर प्रकरण वेगळे. ‘चेक डिस्क’ चालवू नका. तो फाइलींची मांडणी दुरुस्त करायला बघतो आणि मरणाऱ्या डिस्कवर आणखी ओझे टाकतो. लिनक्सवरचे ‘डीडीरेस्क्यू’ वापरून आधी संपूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यायची आणि शोधाशोध त्या नकलेवर करायची.

समुद्राच्या किंवा पुराच्या पाण्यात पडलेल्या डिस्कबद्दलही दोघांनी विचारले आहे. ती उन्हात वाळवू नका. पाणी उडते, मीठ आणि गाळ तबकडीवर राहतो. ओलसर फडक्यासह झिपच्या पिशवीत बंद करून जमेल तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोचवा. वीज अजिबात द्यायची नाही.

प्रश्न : जुना लॅपटॉप बंद पडला. त्यातली डिस्क केसिंगमध्ये घालून वापरता येईल? — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : येईल, आणि चांगला मार्ग आहे. अडीच इंची साटा (जोडणीचा जुना प्रकार) डिस्क असेल तर जाडी मोजा. ७ मिलीमीटर आणि ९.५ मिलीमीटर अशा दोन प्रकारच्या असतात. साडेनऊची केसिंग दोन्हींना चालते, सातची फक्त पातळीला. डिंकाच्या गोळ्यांच्या पुडीसारखी चपटी एम.२ पट्टी असेल तर तिच्या सोनेरी पिनांत किती खाचा आहेत ते पाहा. एक खाच बहुधा एनव्हीएमई (जोडणीचा नवा, जलद प्रकार), दोन खाचा बहुधा साटा. खात्री नसेल तर दोन्ही चालवणारी केसिंग मागा, थोडी महाग पडते पण खेप वाचते. पट्टीची लांबीही मोजा, बहुतेक ८० मिलीमीटर असते, ३० आणि ४२ च्याही असतात.

लावल्यावर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा फुकट प्रोग्राम उघडा. हार्ड डिस्क असेल तर ०५, सी५ आणि सी६ या, खराब झालेल्या जागांची नोंद ठेवणाऱ्या, तीन ओळींच्या ‘रॉ व्हॅल्यू’ पाहा. तिन्ही शून्य असतील तर डिस्क अजून धडधाकट आहे. सी५ मध्ये आकडा असेल आणि आठवड्याने वाढलेला दिसला, तर त्या डिस्कला गाणी आणि सिनेमे यापलीकडे काही देऊ नका. काही केसिंग ही माहिती पुढे पाठवतच नाहीत, मग ओळी रिकाम्या दिसतात.

डिस्क उघडताना विंडोजने रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये कुलूप आपोआप लागलेले असते आणि की बहुधा तुम्ही लॅपटॉपवर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत होता तिथे जमा असते. एम.२ पट्टी केसिंगमध्ये बसवताना सोबत राखाडी रबरी पट्टी मिळते, ती उष्णता बाहेर नेण्यासाठी. तिच्या दोन्ही बाजूंची पारदर्शक फिल्म काढूनच लावा. ती तशीच राहिली की एसएसडी तापते आणि दहा मिनिटांत मंदावते, आणि लोक केसिंग परत करायला दुकानात जातात.